कुपवाडची तीन भाषा, एक व्याकरण

अनेक भाषा एकदम शिकणारा मनुष्य प्रत्येक भाषा निरनिराळी शिकतो, हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. सांगलीनजीकच्या कुपवाड गावी कन्नड, मराठी व उर्दू शतकानुशतके शेजारी नांदल्या. तेथील बोलींत शब्द वेगळे राहिले, वाक्यरचना मात्र जवळजवळ एकच झाली, असे गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली दाखविले. कन्नडात मानवेतर नामे नपुंसकलिंगी. तदनुसार तेथील मराठीत ‘नदी आली’ऐवजी ‘नदी आलं’ असा प्रयोग आढळला. शाळामास्तर त्यास अशुद्ध ठरवील. वस्तुतः एकाच व्याकरणावर तिन्ही भाषांचा व्यवहार भागविण्याची ती सोय होय. शब्द तेवढे एक झाले नाहीत. घरची भाषा ही जातिधर्माची खूण होती, आणि तिच्यासाठी तिहेरी शब्दसंग्रहाचे ओझे बोलणारांनी खुशीने वाहिले.