आग आत की पाणी आत?

आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटातून एक उभी नळी गेलेली असे. नळीत करवंट्या, गोवऱ्या जळत आणि भोवतीचे पाणी तापे. पुढे शहरात बिऱ्हाड केले आणि गॅसचा गीझर आला. त्यात सगळे उलटे. पाणी बारीक नळीतून वेटोळे घेत जाते आणि ज्योत तिला बाहेरून तापवते.

वाचकहो, जगभरच्या वाफेच्या बॉयलरांची सर्वांत मोठी वाटणी नेमकी हीच आहे. नळीत आग आणि भोवती पाणी, तो अग्निनलिका बॉयलर. नळीत पाणी आणि भोवती आग, तो जलनलिका. फरक एवढाच, की बंबातली वाफ मोकळी सुटते आणि बॉयलरमधली कोंडलेली असते. त्या कोंडण्यातच त्याचे सामर्थ्य आहे आणि धोकाही.

हे मला कळले ते बँकेच्या नोकरीत. १९९० च्या सुमारास यंत्रमागाच्या एका गावी कापड रंगवण्याच्या कारखान्याची पाहणी करायला गेलो होतो. तारणाच्या यादीत 'बॉयलर, नग एक' असे लिहिले होते. मी खूण केली आणि निघालो. तोच बॉयलरवर काम करणारे वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणत, मागून हळूच म्हणाले, "सायेब, नग एक लिवलंसा, पन ह्यो कसला हाय ते इचारलं न्हाईसा."

मग त्यांनीच दाखवले. आडवे निजलेले भलेमोठे पिंप, आत नळ्यांची चळत, नळ्यांतून धूर आणि ज्वाळा, भोवती हजारो लिटर पाणी. "ह्येच्या प्वाटात पानी लई. वाफ कमी-जास्त लागली तरी दम धरतो. पन फुटला तर कुनाला सोडत न्हाई."

मामांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. दहा किलोच्या दाबाखाली पाणी सुमारे १८४ अंशांपर्यंत उकळत नाही. पत्रा फाटला की दाब एकदम जातो आणि त्या पाण्याचा सुमारे सहावा हिस्सा क्षणात वाफ होतो. वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. ती जागा ती भिंती पाडून मिळवते.

मामांनी मग वर बोट दाखवले. सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीला तारेने एक जास्तीचे वजन बांधले होते, वाफ 'वाया' जाऊ नये म्हणून! तपासणीचा दाखलाही संपून गेला होता. "तुमी कागदावर लिवा सायेब. आमचं कोन ऐकतंय?"

मी लिहिले. मामांचे नाव मात्र येऊ दिले नाही. दाखला येईपर्यंत कर्जाचा हप्ता थांबला. मालक संतापले, आमच्या वरिष्ठांनीही 'बँकेने कागद पाहावेत, बॉयलर नव्हे' असे सुनावले. पण निरीक्षकांच्या जलदाब चाचणीत दोन नळ्या गळक्या निघाल्या. त्या बदलल्या, वजन उतरले आणि मगच पैसे सुटले.

आगीच्या नळ्यांची घराणी जुनी आहेत. स्टीफन्सन यांच्या १८२९ च्या 'रॉकेट' इंजिनात अशा पंचवीस नळ्या होत्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणारी इंजिनेही याच जातीची. दोन मोठ्या नळांचा लँकेशायर बॉयलर १८४४ चा. पण पिंप जेवढे रुंद, तेवढा पत्रा जाड लागतो. म्हणून या जातीला दाबाची मर्यादा पडते. बारीक नळी मात्र पातळ असूनही प्रचंड दाब सोसते. बॅबकॉक आणि विल्कॉक्स यांनी १८६७ मध्ये जलनलिका बॉयलरचे पेटंट घेतले, त्याचे मर्म हेच. यात पाणी कमी, वाफ लवकर. मात्र पाणी अगदी शुद्ध हवे, नाहीतर नळीत क्षार धरतात आणि ती जळते.

आपल्या साखर कारखान्यांत बगॅसवर चालणारे बॉयलर या दुसऱ्या जातीचे. पूर्वी त्यांत २१ किंवा ३२ किलो दाब असे. वीज विकायची म्हणून तो ६७, ८७, ११० वर गेला. कोराडी आणि तिरोडा येथील ६६० मेगावॅटच्या संचांत तर दाब इतका, की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. बाकी उभा-आडवा, इंधन कोणते, पाणी आपसूक फिरते की पंपाने, या पोटजाती.

कायद्याचे पाऊलही अपघातामागूनच पडले. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. देशासाठी १९२३ चा कायदा आला. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. पंचवीस लिटरांहून लहान भांडे त्यातून सुटते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरच्या निरीक्षक तुम्हीच! शिट्टीचे भोक साफ आहे ना, सेफ्टी व्हॉल्व्ह अस्सल आहे ना, हे आज पाहून घ्या.

मी मात्र त्या दिवसानंतर कुठल्याही यादीत 'नग एक' वाचून कधी खूण केली नाही. आधी विचारत असे, आग आत की पाणी आत? आणि मग तिथल्या मामांना शोधत असे.