अंक फिरला, म्हणून टिकला

दिवाळी तोंडावर आली की मराठी साहित्यविश्वात एक चर्चा ठरलेली असते. यंदा किती अंक निघाले, जाहिराती किती आटल्या, कागद किती महागला, आणि शेवटी, हल्ली वाचतो कोण? या हिशेबात छापलेल्या आणि विकलेल्या प्रती मोजल्या जातात. एक प्रत किती हातांतून गेली, हे मात्र कुणी मोजत नाही. दिवाळी अंकाची शंभराहून अधिक वर्षांची वाटचाल नीट पाहिली, तर हा न मोजलेला आकडाच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. सणासुदीचं मराठी वाचन खरेदीवर जितकं उभं आहे, त्याहून अधिक ते देवघेवीवर उभं आहे. आणि देवघेवीतही खरं काम करते ती परतीची तारीख.

दिवाळी अंकाचा जन्म सांगताना काशिनाथ रघुनाथ आजगावकर ऊर्फ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचं नाव घेतलं जातं. १८९५मध्ये सुरू झालेल्या या मासिकाने १९०९मध्ये दिवाळीचा खास अंक काढला. समोर नमुना होता तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांचा. इंग्लंडात ही प्रथा चार्ल्स डिकन्सने लोकप्रिय केली होती. त्याचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आलं आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. पुढे आपल्या साप्ताहिकांचे नाताळ अंक त्याने वर्षानुवर्षं काढले. इंग्लंडातली ती प्रथा पुढे ओसरली. मराठीत मात्र ती रुजली, फोफावली आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. केवळ उसनवारीने असं होत नाही. रुजायला जमीन आधीपासून तयार असावी लागते.

ती जमीन पोथीवाचनाची होती. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२चा, ‘रामविजय’ त्याच्या पुढच्या वर्षीचा आणि ‘पांडवप्रताप’ १७१२चा. छापखाना येण्याआधी आणि आल्यावरही हे ग्रंथ चातुर्मासात देवळांच्या ओसरीवर आणि घरांच्या माजघरात वाचले जात. पोथी एक, वाचणारा एक, ऐकणारे पुष्कळ. त्यातल्या कित्येकांना अक्षरओळखही नसे. तरी भीमाचा पराक्रम आणि रुक्मिणीचं पत्र त्यांना तोंडपाठ असे. या वाचनाला मुदतही होती. ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह सात दिवसांत पुरा व्हायलाच हवा, चातुर्मासात लावलेली पोथी ठरल्या दिवशी समाप्तीला यायलाच हवी. म्हणजे दिवाळी अंकाच्या कितीतरी आधी मराठी माणसाला सणाच्या वाचनाच्या दोन गोष्टी अंगवळणी पडल्या होत्या: वाचन एकट्याने करायचं नसतं, आणि ते संपवायचं असतं.

छापील पुस्तकाच्या जमान्यात ही सवय वाचनालयांनी पुढे नेली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३मध्ये आणि मुंबईचं १८९८मध्ये स्थापन झालं. ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हा त्याची प्रत ठेवायला टेबलं आणि ती वाचायला सभासद दोन्ही तयार होते. पुढे गल्लीबोळांत खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या निघाल्या आणि त्यांनी दिवाळी अंक योजना रूढ केली. सणाच्या सुमारास एकरकमी वर्गणी भरायची आणि उन्हाळ्यापर्यंत एकेक अंक बदलून न्यायचा. अशा लायब्ररीतला अंक जवळून पाहण्यासारखा असतो. आल्याबरोबर त्याला खाकी कागदाचं कव्हर चढतं, पाठीला दाभणाने टाके पडतात, मुखपृष्ठावर आणि आतल्या एखाद्या पानावर शिक्का बसतो, शेवटी तारखांची चिठ्ठी डकवली जाते. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’च्या अंकातल्या प्रसिद्ध खिडक्या उघडूनउघडून दोन महिन्यांत लोंबायला लागतात. चिठ्ठीवर तारखांची रांग लागलेली असते आणि दोन तारखांत फार तर तीन-चार दिवसांचं अंतर असतं. अंक वाचला जातोय याचा याहून खणखणीत पुरावा कुठल्या खपाच्या आकड्यात मिळणार?

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण पाहू. आइसलँड हा जेमतेम चार लाख वस्तीचा देश. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे इतर वस्तूंच्या आयातीवर निर्बंध होते, कागद मात्र तुलनेने सहज मिळे. त्यामुळे नाताळची भेट म्हणून पुस्तक देण्याची रीत पडली. १९४४पासून प्रकाशकांची मिळून एक पुस्तकसूची निघू लागली. ती सणाआधी वाचकांपर्यंत पोचते, आणि वर्षभरातली नवी पुस्तकं मुख्यतः याच हंगामात येतात. २४ डिसेंबरच्या रात्री ती एकमेकांना भेट दिली जातात. ही रीत हेवा वाटावा अशीच आहे आणि तिने एका छोट्या भाषेचं प्रकाशन जगवलं आहे. पण ती आहे तशी इथे आणा, असं म्हणणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. भेट मिळालेलं पुस्तक आपलं होतं आणि आपलं झालं की त्याला घाई उरत नाही. वास्तुशांतीत आणि मुंजीत वाटलेली किती पुस्तकं काचेच्या कपाटात पहिल्या पानावरच्या शुभेच्छांसकट पडून असतात! बदलून आणलेल्या अंकाला ती सवलत नसते. रविवारी तो परत द्यायचा असतो आणि त्याच्यासाठी दुसरा कुणीतरी थांबलेला असतो.

यावर प्रकाशक आणि लेखक रास्त आक्षेप घेतात. एक प्रत चाळीस घरं फिरली तर एकोणचाळीस प्रती बुडाल्या. ही वाचनसंस्कृती लेखकाच्या पोटावर पाय देऊन उभी आहे. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण त्यातलं गृहीतक तपासायला हवं. त्या चाळीस घरांपैकी किती जणांनी अंक विकत घेतला असता? आज बऱ्याच अंकांची किंमत शेकड्यांत असते. दहा अंक घ्यायचे तर मध्यमवर्गीय घरालाही विचार करावा लागतो. लायब्ररीची वर्गणी भरणारा माणूस अनोळखी लेखकाची कथा वाचतो ती बहुधा वाढीव खर्च नसतो म्हणूनच. उद्या तोच त्या लेखकाच्या पुस्तकाचं गिऱ्हाईक होऊ शकतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुस्तक होण्याआधी ‘मौज’च्या दिवाळी अंकातून वाचकांपुढे आली होती, पुस्तकाचा वाचक असा आधीच तयार होतो. शिवाय दिवाळी अंकाचं अर्थकारण बहुतांशी जाहिरातींवर चालतं आणि जाहिरातदाराला हवे असतात डोळे, मग ते विकत घेणाऱ्याचे असोत की मागून वाचणाऱ्याचे. तरीही लेखकाचं नुकसान उरतंच. त्यावर उपाय देवघेव थांबवण्याचा नाही. डेन्मार्कने १९४६मध्ये आणि ब्रिटनने १९७९च्या कायद्याने वाचनालयांतून होणाऱ्या देवघेवीबद्दल लेखकांना सरकारी निधीतून मोबदला देण्याची सोय केली. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७पासून आहे आणि अनुदानाची यंत्रणाही आहे. पण तिच्यात लेखकाचा वाटा नाही. तक्रार करायचीच तर या त्रुटीची करावी.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. लायब्रऱ्या बंद पडताहेत हे खरं, पण अंक आता पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरतात. मग देवघेव वाढलीच ना? लेखक-प्रकाशकांच्या परवानगीविना फिरवलेली पीडीएफ बेकायदा असते, हा भाग आहेच. पण ती सोडली तरी अशा फिरण्यात देवघेवीचा गाभाच नाही. फाइल पाठवणाऱ्याकडेही राहते आणि घेणाऱ्याकडेही. कुणी थांबलेलं नसतं, काही परत करायचं नसतं. म्हणून वीस अंक फोनमध्ये उतरवून घेतले जातात आणि फोन भरला की न उघडताच पुसले जातात. दोष पडद्याचा नाही. मुदतीने उसनं मिळणारं ई-पुस्तक फोनवरही वाचून होतं. वाचनाला लागणारा सौम्य धाक आणि पुढच्या वाचकाची जाणीव या दोन गोष्टी नसतील, तर कागदी अंकही रद्दीतच जातो.

म्हणूनच सणात वाचनाची आवड लावायची असेल, तर पुस्तक भेट देण्यापेक्षा ते फिरतं ठेवण्याची सोय करणं अधिक फळतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकाराने सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम याच तत्त्वावर चालतो. पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते, वाचून झाली की दुसऱ्या गटाकडे सरकते; दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी माणसांपर्यंतही या पेट्या पोचल्या आहेत. हेच एखाद्या सोसायटीत आणखी सोप्या रीतीने जमतं. बारा घरांनी प्रत्येकी एक वेगळा अंक घ्यायचा, दर रविवारी तो शेजारच्या घरी सरकवायचा. वसुबारसेला सुरुवात केली तर संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत प्रत्येक घराचे बारा अंक वाचून होतात. खर्च एकाचा, आणि प्रकाशकांच्या बारा प्रती रोख विकल्या जातात. अट एवढीच की दिवस चुकवायचा नाही. मराठी वाचक संपला की काय, हे ठरवण्याआधी त्याच्या हातात परतीची तारीख असलेला एक अंक ठेवून पाहायला हवा.