टर्बोच्या पोटातले रंग

टर्बो उघडला की आधी डोळे वापरावेत, पाना आणि ब्रश नंतर. कॉम्प्रेसरचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, टर्बाइनचं बिडाचं हाउसिंग आणि दोघांच्या मधला कोअर सुटा करून बाकावर ठेवला, की प्रत्येकाच्या आत काही ना काही रंग बसलेला दिसतो. कुठे राखाडी, कुठे तांबूस, कुठे खडूसारखा पांढरा, तर शाफ्टवर कधी मोरपंखी निळा. टर्बो का गेला याचं बरंचसं उत्तर या रंगांत असतं. पण अनेक गॅरेजांत पहिलं काम होतं ते भाग डिझेलमध्ये बुडवून घासण्याचं. सगळं चकचकीत झाल्यावर कारणाचा शोध सुरू होतो, तेव्हा बघायला काही उरलेलं नसतं.

यंत्राची कल्पना जुनी आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या तापलेल्या धुरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, पण ही कल्पना प्रत्यक्षात नीट चालायला दोन दशकं गेली, आणि तीही आधी जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारींत टर्बो आला. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात तो पोचवला छोट्या डिझेल गाड्यांनी. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन पुणे जिल्ह्यात रांजणगावला तयार होत असे. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा यांत तेच होतं आणि स्विफ्ट डिझेलमध्येही त्याच घराण्याचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं, छोटी डिझेल इंजिनं मागे पडली आणि त्यांची जागा एक लिटरच्या आसपासच्या टर्बो पेट्रोल इंजिनांनी घेतली. हा बदल टर्बोच्या दृष्टीने मोठा आहे. डिझेलचा धूर टर्बाइनपाशी साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो, तर पेट्रोलचा ९५० ते १०५० पर्यंत चढतो. छोट्या गाडीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा.

म्हणून सुरुवात शाफ्टपासून करावी. पोलाद हवेत तापलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाश परतताना वेगळा रंग दिसतो. साधारण २२० अंशांला फिकट पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा, त्यापुढे मळकट राखाडी. लोहार छिन्नीला पाणी देताना धारेकडे सरकणारे हेच रंग पाहत असतो. टर्बाइनच्या चाकाला लागून शाफ्टवर थोडा रंग चढलेला असणं रोजचं आहे, तिथे धग पोचतेच. पण बेअरिंग जिथे बसतं नेमक्या त्या जागी निळा पट्टा दिसला, तर तिथे ऑइल पोचलेलं नव्हतं हे जवळजवळ नक्की. निळ्याबरोबर ओरखडे असतील तर ऑइलमधून कचराही आला होता. आणि निळ्याच्या जोडीला काळा, कडक, डांबरासारखा थर असेल तर संशय घ्यावा तो तापलेलं इंजिन झटक्यात बंद करण्याच्या सवयीचा. खंडाळ्याचा घाट जोरात चढून वर चहाला थांबताना चावी लगेच फिरवली, की ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बाइनची धग मात्र कोअरकडे सरकत राहते. आत अडकलेलं ऑइल जळून तिथेच कोळसा होतं. हा कोळसा ऑइलच्या बारीक फीड पाइपमध्येही धरतो, आणि नवा टर्बो जुन्याच पाइपवर बसवला की त्याचीही तीच गत होते.

टर्बाइन हाउसिंगच्या आतला निरोगी रंग म्हणजे कोरडा राखाडी किंवा फिकट बदामी. तांबूस दिसलं की लोक घाबरतात, पण बीड गंजणारच. रोज दोन-तीन किलोमीटर फिरणारी किंवा पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल, तर धुरातल्या वाफेचं पाणी आत साचतं आणि हाउसिंग आतून लालसर होतं. खरा प्रश्न उठतो तो तांबडी पूड टर्बाइनच्या चाकावरही बसलेली असली तर. ते चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, ते असं गंजत नाही. म्हणजे लाल रंग दुसरीकडून आला. एक तर आधीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पापुद्रे सुटताहेत, आणि ते पात्यांच्या कडा खाऊ शकतात. नाहीतर इंधनात मँगनीज किंवा लोहाची संयुगं असलेलं काही मिसळलं गेलं आहे. ऑक्टेन वाढवण्याच्या काही बाटल्यांत ती असतात आणि जळल्यावर विटकरी थर मागे ठेवतात. अशा वेळी स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याच्या पोर्सेलिनवरही तोच रंग असेल तर बाटलीचा वापर थांबवावा.

सर्वांत फसवा रंग पांढरा, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. पांढऱ्या थराचे मुख्य उगम दोन. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस यांच्या संयुगांची राख उरते. ती करडी-पांढरी, टणक आणि पापुद्र्यांची असते, सहसा काळ्या काजळीत मिसळलेली. दुसरा उगम कूलंट. हेड गॅस्केट गळत असेल, सिलिंडर हेडला तडा असेल किंवा डिझेलमध्ये धूर थंड करणारा ईजीआर कूलर फुटला असेल, तर पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार भुकटीच्या रूपात चिकटतात, कधी कूलंटच्या हिरव्या-गुलाबी रंगाची झाक घेऊन. दोन्हींत फरक करायचा तर टर्बोवरून नजर काढून मॅनिफोल्डच्या तोंडांकडे बघावं. चारांपैकी एकच तोंड पांढरं किंवा धुतल्यासारखं स्वच्छ असेल तर त्या एका सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. चारही सारखीच राखाडी असतील तर ऑइलचा संशय बळावतो. मग कूलिंग सिस्टिमला प्रेशर देऊन पाहायचं, कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू आहेत का ते तपासायचं. या तपासणीचा खर्च टर्बोच्या किमतीपुढे किरकोळ आहे. हे न करता टर्बो बदलला, तर पांढरा थर नव्या हाउसिंगमध्ये पुन्हा धरतो आणि तोवर हेड वाकलेलं असू शकतं.

ओला काळा रंग दिसला की गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येतं: सील गेलं. या समजुतीने ग्राहकांचे फार पैसे गेले आहेत. साध्या टर्बोच्या कोअरमध्ये ऑइल अडवणारं रबरी सील नसतं. तिथे पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि ऑइल आत राहतं ते दोन्ही चाकांकडच्या वायूच्या दाबामुळे. वापरलेलं, फेसाळलेलं ऑइल ड्रेन पाइपमधून केवळ स्वतःच्या वजनाने खाली संपमध्ये उतरतं. तो पाइप दुमडला, जास्तीच्या सिलिकॉनने बुजला, किंवा झिजलेल्या इंजिनाच्या क्रँककेसमध्ये दाब वाढला, की ऑइलला उतरायला वाट राहत नाही आणि ते चाकांच्या बाजूंनी बाहेर येतं. एअर फिल्टर तुंबला तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि तिकडूनही ऑइल खेचलं जातं. यांत टर्बोचा दोष शून्य. कॉम्प्रेसर हाउसिंगमध्ये ऑइलचा हलका ओलावा तर चांगल्या गाडीतही असतो, कारण क्रँककेसची वाफ त्याच वाटेने परत इंजिनात सोडलेली असते. काळजी करावी ती थारोळं साचलं असेल तर. कोरडी मऊ काजळी ही निराळी गोष्ट आहे. ती हवा कमी किंवा इंधन जास्त पडल्याची खूण.

टर्बाइन हाउसिंगच्या ज्या जिभेपाशी धूर चाकाकडे वळतो तिथे आणि वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या, बैठकीवर केसासारखे तडे व पांढुरकी-निळसर छटा बऱ्याचदा दिसते. किरकोळ तडे उष्णतेच्या चढउताराने येतातच, आणि किती चालतात याची मर्यादा उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. छटा फार गडद असेल तर दोन प्रश्न विचारावेत: इंजिनाचा संगणक (ईसीयू) रीमॅप केला आहे का, आणि पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलची काजळी गाळणारा डीपीएफ तुंबला आहे का. दोन्हींत धुराचं तापमान ठरलेल्या हद्दीपलीकडे जातं.

रंगावरून मिळतो तो माग. निकाल देण्याआधी शाफ्टचा प्ले डायल गेजने मोजावा, ऑइल प्रेशर पाहावं, ड्रेन पाइप आरपार मोकळा आहे का ते बघावं. हे सगळं तासाभराचं काम आहे, आणि ते करणारे मिस्त्री महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांना तेवढा वेळ द्यायला ग्राहकाने तयार असलं पाहिजे.

तुमच्या गाडीचा टर्बो बदलायची वेळ आलीच, तर जुना न धुता दाखवायला सांगा आणि कुठला रंग कुठून आला ते विचारा. फीड पाइप नवा घ्या, ऑइल बदला, ऑइलचा आणि हवेचा असे दोन्ही फिल्टर बदला, इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल काढून घ्या, कारण तेच ऑइल ओढून डिझेल इंजिन बेफाम सुटू शकतं. नव्या कोअरमध्ये ताजं ऑइल ओतल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका.