घटक ४ : कायम निवासाचा अर्ज – कॅनडाचे उदाहरण

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• कायम निवास आणि नागरिकत्व यांतील फरक सांगता येईल.
• कॅनडाच्या गुणाधारित निवडपद्धतीचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• अर्जातील माहिती पूर्ण व सत्य असण्याचे महत्त्व विशद करता येईल.
• मराठी कागदपत्रांच्या भाषांतराबाबत घ्यावयाची दक्षता सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्या परिचयातील कोणी ना कोणी परदेशी स्थायिक झालेले असेल. कदाचित आपल्याच घरात तसा विचार चालू असेल. अशा वेळी ‘पीआर मिळाला’ हे शब्द आपण ऐकतो. परंतु त्यांचा नेमका अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. कायम निवास म्हणजे परक्या देशात मुदतीच्या बंधनाविना राहण्याचा व काम करण्याचा कायदेशीर दर्जा. तो पाहुण्याच्या व्हिसाहून अधिक आणि नागरिकत्वाहून कमी असतो. तो कसा मागितला जातो, हे या घटकात आपण कॅनडाच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पूर्वपीठिका

आज भारतीयांचे स्वागत करणाऱ्या या देशाची दारे एकेकाळी त्यांना बंद होती. स्वदेशातून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश द्यावा, असा नियम कॅनडाने १९०८ मध्ये केला. भारतातून तसा थेट जलप्रवास त्या काळी प्रत्यक्षात उपलब्धच नव्हता. नियमात वंशाचा उल्लेख नव्हता. परिणाम मात्र वंशभेदाचाच होता. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोहोचले. त्यांतील बहुतेक प्रवासी पंजाबचे होते. दोन महिने बंदरात अडकवून ठेवल्यानंतर मोजके प्रवासी वगळता सर्वांना परत पाठवण्यात आले.

१९६२ मध्ये वंशाधारित निकष मोठ्या प्रमाणावर दूर झाले आणि १९६७ मध्ये गुणपद्धती आली. अर्जदार कोठून आला यापेक्षा त्याचे शिक्षण, भाषा आणि कौशल्य कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पुढील सर्व तपशील वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा.

४.२.२ निवडीची रीत

कुशल कामगारांसाठी १ जानेवारी २०१५ पासून ‘एक्सप्रेस एंट्री’ ही ऑनलाइन पद्धत सुरू झाली. तिच्यातील ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या वर्गाचे दोन टप्पे समजून घेऊ.

पहिला टप्पा पात्रतेचा. येथे १०० पैकी किमान ६७ गुण लागतात. त्यांची विभागणी अशी : भाषा २८, शिक्षण २५, कामाचा अनुभव १५, वय १२, निश्चित नोकरी १० आणि जुळवून घेण्याची क्षमता १०. भाषेचे गुण सर्वाधिक आहेत, हे लक्षात घ्यावे. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेची मान्यताप्राप्त परीक्षा दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

दुसरा टप्पा स्पर्धेचा. पात्र उमेदवारांची १२०० गुणांच्या मापाने क्रमवारी लागते आणि वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांना अर्ज करण्याचे निमंत्रण मिळते. एखाद्या प्रांताने नामनिर्देशन केल्यास एकदम ६०० गुणांची भर पडते. २० ते २९ या वयोगटाला वयाचे पूर्ण गुण मिळतात. तिसाव्या वर्षापासून ते घटत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. म्हणून ‘पुढे पाहू’ असे म्हणत काढलेल्या प्रत्येक वर्षाची येथे किंमत मोजावी लागते. पात्र ठरणे म्हणजे निवड होणे नव्हे, हा भेद अनेक कुटुंबांच्या ध्यानात येत नाही आणि पदरी निराशा येते.

४.२.३ अर्ज : आयुष्याचा लेखी जबाब

निमंत्रण मिळाल्यावर ६० दिवसांत संपूर्ण अर्ज भरावा लागतो. गेल्या दहा वर्षांचा वैयक्तिक इतिहास त्यात खंड न पडता द्यायचा असतो. नोकरी नसलेला काळही रिकामा सोडता येत नाही. आजारी आईची सेवा केली, मूल लहान होते म्हणून घरी राहिले, परीक्षेची तयारी केली, जे असेल ते लिहावे. ज्या काळाबद्दल आपण संकोचाने ‘काहीच करत नव्हते’ असे म्हणतो, त्यालाही येथे नाव द्यावे लागते.

सर्वांत मोठी दक्षता कुटुंबीयांच्या नोंदीबाबत हवी. पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले सोबत येणार नसली तरी त्यांची नोंद आवश्यक असते. समजा, पहिल्या विवाहातील मुलगी आजोळी वाढते आहे आणि ‘ती येणारच नाही’ म्हणून अर्जदाराने तिचे नाव गाळले. पुढे तिला बोलावून घ्यायचे ठरल्यास, सर्वसाधारण नियमानुसार, जिची नोंद व तपासणी झाली नाही अशा मुलीला कुटुंब-वर्गातून प्रायोजित करता येत नाही. गाळलेली एक ओळ बाप-लेकींमध्ये भिंत होऊन उभी राहू शकते.

महत्त्वाची माहिती दडवणे किंवा खोटी देणे यास ‘चुकीचे निवेदन’ म्हणतात. त्याबद्दल पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. अर्ज दलालाने भरला तरी जबाबदारी अर्जदाराचीच असते. म्हणून ‘हमखास पीआर’ असे आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहावे आणि प्रत्येक पान स्वतः वाचल्यावाचून स्वाक्षरी करू नये. निर्वाहनिधी दाखवण्यासाठी कोणाकडून उसने आणलेले पैसेही चालत नाहीत.

४.२.४ कागदपत्रे आणि भाषांतर

भाषेचे विद्यार्थी म्हणून हा भाग आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला ही कागदपत्रे अनेकदा मराठीत असतात. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर जोडावे लागते. भाषांतरकार प्रमाणित नसल्यास त्याचे शपथपत्रही लागते. अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेले भाषांतर स्वीकारले जात नाही.

खरी अडचण नावांची. आपल्याकडे स्त्रीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव असते, तर पासपोर्टवर पतीचे नाव व सासरचे आडनाव. काही घरांत पहिले नावही बदलते. आपल्याला जे सहज उमगते, ते परक्या अधिकाऱ्याला दोन निराळ्या व्यक्तींचे कागद वाटू शकतात. अशा वेळी विवाहाचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि थोडक्यात लिहिलेले स्पष्टीकरण उपयोगी पडते. भाषांतरकाराने मूळ नाव ‘सुधारू’ नये. जसे आहे तसेच ठेवावे.

४.२.५ काय मिळते, काय राहते

कायम निवासी व्यक्ती कोणत्याही प्रांतात राहू शकते, काम करू शकते, शिकू शकते. मात्र तिला मतदानाचा अधिकार नसतो आणि गंभीर गुन्ह्याबद्दल हा दर्जा जाऊही शकतो. पाच वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट असते. हे दिवस सलग नसले तरी चालतात. गावी वृद्ध आईवडील असलेल्या माणसाला हा हिशेब दर वर्षी करावा लागतो.

कायम निवासाने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जाते स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यावर. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ यांतील तरतुदी या संदर्भात पाहाव्यात. त्यानंतर ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणून नोंदणी करता येते. पण नावात ‘सिटिझन’ असले तरी मतदानाचा अधिकार तिने मिळत नाही. म्हणूनच अनेक जण वर्षानुवर्षे कायम निवासीच राहणे पसंत करतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य की अयोग्य ते सांगा.
(अ) कायम निवास मिळताच भारतीय नागरिकत्व संपते.
(आ) सोबत न येणाऱ्या मुलांची नोंद अर्जात करावी लागते.
(इ) अर्जदाराच्या भावाने केलेले भाषांतर चालते.

४.३ सारांश

वंशावर आधारलेल्या निवडीकडून गुणांवर आधारलेल्या निवडीकडे कॅनडा कसा वळला, हे आपण पाहिले. पात्रता आणि निवड हे वेगळे टप्पे आहेत. अर्जाचे बळ संपूर्ण व सत्य माहितीत असते. कायम निवास हा मधला दर्जा आहे. तो हक्क देतो, तशीच दिवसांच्या हिशेबाची अटही घालतो.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) अयोग्य (आ) योग्य (इ) अयोग्य

४.५ स्वाध्याय

१. ‘पात्र ठरणे म्हणजे निवड होणे नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील एका स्त्रीच्या तीन कागदपत्रांवरील नावे पडताळून पाहा आणि आढळलेल्या फरकाचे स्पष्टीकरण परक्या अधिकाऱ्याला समजेल अशा रीतीने दहा ओळींत लिहा.