दोन सकाळींची साष्टी



परगांवचा पाहुणा मुंबईस आला कीं, त्याला शहर दाखविण्याचा प्रसंग प्रत्येक घरावर येतो. मग तें घर अंधेरीचें असो कीं बोरिवलीचें, मुलुंडचें असो कीं घाटकोपरचें. सारी मंडळी सकाळीं गाडींत बसून दक्षिणेची वाट धरते. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, मलबार हिलवरील बाग, एवढें उरकून दमल्या पायांनीं संध्याकाळीं घरीं परतते. यांतील गेटवे ऑफ इंडिया १९२४ सालीं पुरें झालें. म्हणजे त्याचें वय शंभर वर्षांच्या आसपास. तें पाहावयास जातांना आपण दीड-दोन हजार वर्षांचीं लेणीं वाटेंत मागें टाकतों, याची आठवण मात्र कोणालाच नसते. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात, तो हाच.

आज मी आपणांस या उपनगरांतच घडेल अशा एका लहानशा फेरीविषयीं सांगणार आहें. फेरी लहान असली म्हणजे ती उथळ असलीच पाहिजे, असा एक समज आहे. तो मला मान्य नाहीं. चाळीस मिनिटांच्या तासांत शिक्षकाला सारा इतिहास शिकवितां येत नाहीं. परंतु एक गोष्ट नीट शिकवितां येते. फेरीचेंही तसेंच आहे. दहा ठिकाणें एका सूत्राशिवाय पाहिलीं तर रात्रीं आठवण राहते ती फक्त जेवणाची. चार-पांच ठिकाणें एका सूत्रांत ओंवलीं तर तीं वर्षानुवर्षें विसरत नाहींत. आपल्या फेरीचें सूत्र आहे काळा दगड. निसर्गानें तो घडविला, भिक्षूंनीं त्यांत घरें कोरलीं, शैवांनीं देव कोरले, पाद्र्यांनीं त्यावर क्रूस कोरला, आणि आपण तो फोडून त्याची खडी केली.

आधीं नांवाविषयीं दोन शब्द. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंत पसरलेला हा जो भाग, त्याचें जुनें नांव साष्टी. सहासष्ट गांवांचें बेट म्हणून साष्टी, असें सांगतात; पोर्तुगीजांच्या तोंडीं त्याचें साल्सेट झालें. या बेटाच्या मध्यभागीं डोंगर आणि जंगल आहे. बोरिवली त्याच्या एका बाजूस, मुलुंड दुसऱ्या बाजूस. तेव्हां मुलुंडकरांनीं कान्हेरीस परकी समजण्याचें कारण नाहीं. ती त्यांच्या घरामागच्या डोंगरांतच आहे.

ही सारी फेरी एका दिवसांत धांवत धांवत होते; परंतु धांवणाऱ्याला दिसतें तें फक्त पुढच्याचें डोकें. म्हणून तिच्या दोन सकाळी कराव्या : एक अंधेरीची, एक बोरिवलीची.

पहिल्या सकाळीं अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट हिलपाशीं जमावें. घाटकोपरच्या मंडळींना २०१४ पासून मेट्रोनें थेट अंधेरीस येतां येतें. इमारतींच्या दाटींत सुमारे दोनशें फूट उंचीचा एक काळाभोर कडा एकाएकीं समोर उभा राहतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा आहे. त्या काळीं पृथ्वीच्या पोटांतून वितळलेल्या खडकाचा रस वर आला आणि त्यापासून आपला सारा दख्खनचा प्रदेश घडला. हा रस थंड होतांना आकसतो; आकसला कीं त्याला तडे जातात. उन्हाळ्यांत तळें आटल्यावर तळाच्या चिखलास जशा अनेककोनी भेगा पडतात, तशाच या. फरक इतकाच कीं, येथें त्या वरून खालपर्यंत सरळ उतरत गेल्या आणि खडकाचे उभे खांब तयार झाले. अमेरिकेंत वायोमिंग प्रांतीं ‘डेव्हिल्स टॉवर’ नांवाचा असाच एक खांबांचा डोंगर आहे. तो पाहावयास जगभरचे प्रवासी जातात. आपला डोंगर पाहावयास शेजारच्या इमारतींतलेही जात नाहींत!  आजूबाजूचा दगड खाणींनीं खाल्ला, हा एवढा सुळका उरला. खडकांत खोदलेल्या पायऱ्यांनीं वर गेलें म्हणजे गांवदेवीचें देऊळ लागतें. तेथून चहूंकडे उपनगर पसरलेलें दिसतें. पाहुण्याला त्याचा नकाशा समजावून द्यावयाचा तो येथून.

तेथून अंधेरी पूर्वेस कोंडिविट्याच्या टेकडीवर जावें. या लेण्यांना लोक महाकालीचीं लेणीं म्हणतात. नांव जवळच्या महाकालीच्या देवळावरून पडलें. लेणीं मात्र बौद्धांचीं आहेत. दोन गटांत मिळून तीं १९ असून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत तीं कोरलीं गेलीं. यांतील नवव्या लेण्याकडे वाटाड्यानें विशेष लक्ष वेधावें. आंत खडकाचीच एक गोल झोंपडी कोरलेली आहे, तिच्या भिंतीस जाळीच्या खिडक्या आहेत, आणि त्या झोंपडींत स्तूप आहे. दगडांत झोंपडी कां कोरावी? कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें गवतानें शाकारलेल्या पर्णकुटीचें रूप होतें. लांकूड आणि गवत कुजून गेलें, पण त्यांची आकृति दगडानें संभाळून ठेविली. बिहारांत बराबर टेकड्यांवर अशोकाच्या काळचें सुदामा नांवाचें लेणें आहे. त्यांतही अशीच गोल कुटी आहे. मगधांतील एक कल्पना कोंकणच्या किनाऱ्यास येऊन पोंचली, ती या अंधेरींत. असा एक दुवा कळला म्हणजे पाहुण्याला दहा लेण्यांची मोजदाद ऐकल्यापेक्षां अधिक लाभतें.

पहिल्या सकाळचें शेवटचें ठिकाण जोगेश्वरी. हें लेणें साधारणपणें सहाव्या शतकांतील, शैवांचें. येथें चढावयाचें नसून उतरावयाचें आहे. जमिनींत लांबच लांब कोरीत नेलेल्या वाटेनें आपण आंत जातों, डोळे अंधाराला सरावतात, आणि मग खांबांचा मंडप आणि त्याच्या मध्यभागीं गर्भगृह दिसूं लागतें. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन पंडितानें याचें नातें घारापुरीच्या लेण्याशीं जोडलें आहे. घारापुरीस आपण बोटीनें जातों. जोगेश्वरीस स्थानकावरून चालत जातां येतें.

येथें वाटाड्याची खरी कसोटी आहे. लेण्याच्या माथ्यावर आणि भोंवतीं दाट वस्ती झाली. वरचें पाणी झिरपून मूर्तींची झीज होत आली आहे. हें पाहून पाहुण्याच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो त्या वस्तीच्या निंदेचा. वाटाड्यानें तो तेथेंच थांबवावा. शहरानें ज्यांना कामाला बोलाविलें पण डोक्यावर छप्पर दिलें नाहीं, त्यांनीं डोंगराचा आसरा घेतला. दीड हजार वर्षांपूर्वींच्या साधूंनींही तेंच केलें होतें. दोष द्यावयाचाच तर तो, घर आणि लेणें यांपैकीं एकच वांचेल अशी वेळ येऊं देणाऱ्या आपणां सर्वांच्या बेपर्वाईला द्यावा.

आतां दुसरी सकाळ. बोरिवली पश्चिमेस मंडपेश्वराचें लेणें आहे. २०२२ पासून त्याच नांवाचें मेट्रोचें स्थानक झालें आहे. तेव्हां वाट विचारण्याचाही त्रास नाहीं. हें लेणेंही शिवाचें. आंत नटराजाचें शिल्प आहे. झिजलेलें, तरी त्याचा डौल लपत नाहीं. १५३४ सालीं साष्टी पोर्तुगीजांच्या हातीं गेली. पुढें फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनीं या लेण्यांत आपलें प्रार्थनास्थान केलें आणि वरच्या बाजूस मोठी इमारत उभारली. १७३९ पर्यंत मराठ्यांनीं साष्टी घेतली. आज लेण्यांत पुन्हां शिवाची पूजा होते, वर पोर्तुगीज इमारतीच्या उघड्या भिंती उभ्या आहेत, आणि भिंतीवर कोरलेला एक क्रूसही दिसतो.

ही हकीकत दोन प्रकारें सांगतां येते. एक प्रकार असा कीं, ऐकणाऱ्याच्या मुठी वळाव्या. दुसरा असा कीं, त्याचे डोळे उघडावे. घडलें तें लपवूं नये. मूर्तींची हानि झाली हें स्पष्ट सांगावें. परंतु त्याबरोबर हेंही सांगावें कीं, या भागांतील मराठी बोलणारें ख्रिस्ती शेजारी याच मातींतले आहेत, आणि चारशें वर्षांपूर्वींच्या राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागावयाचा नसतो. एकाच खडकावर तीन काळांचे हात फिरलेले एवढ्या जवळून पाहावयास मिळतात, हीच या जागेची शिकवण.

मंडपेश्वराहून राष्ट्रीय उद्यानांत जावें आणि कान्हेरीस राहिलेली सारी सकाळ द्यावी. उद्यान सोमवारीं बंद असतें, हें विसरूं नये. दारापासून लेणीं सुमारे सहा किलोमीटर आंत आहेत. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरि, प्राकृतांत कण्हगिरि, काळा डोंगर. येथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे सुरू झालेली ही वस्ती सुमारें हजार वर्षें नांदली. तिसऱ्या लेण्यांतील मोठा चैत्य दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळचा. त्यांत ३४ खांब आहेत. व्हरांड्यांत दोन्ही अंगांस बुद्धाच्या सुमारें २३ फुटी मूर्ति उभ्या आहेत. त्या नंतरच्या काळांत कोरल्या गेल्या.

परंतु पाहुण्याला मूर्तींइतकेंच पाणी दाखवावें. प्रत्येक विहाराच्या दाराशीं खडकांत खोदलेलें टांकें आहे, आणि डोंगराच्या उतारावर बारीक पन्हळी कोरून पावसाचें पाणी त्यांत आणलें आहे. शिलालेखांत या टांक्यांना ‘पोढी’ असा शब्द आहे. चार महिने कोसळणारा पाऊस आठ महिने पुरवावयाचा, ही कला त्या भिक्षूंना साधली होती. याच डोंगराच्या कुशींत इंग्रजांच्या काळांत १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव झाले. मुंबईच्या नळाला पहिलें पाणी गेलें तें विहारचें. आज आपलें बहुतेक पाणी वैतरणा आणि भातसा यांच्या खोऱ्यांतून येतें. तरी शहराची तहान प्रथम भागविली ती कान्हेरीच्या या शेजाऱ्यानें.

टांकीं आणि विहार कोणीं दिले? राजांनीं थोडे, सामान्य गृहस्थांनीं पुष्कळ. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांचीं, गृहिणींचीं आणि भिक्षुणींचींही नांवें तेथील लेखांत आहेत. कल्याण, नालासोपारा हीं नांवें आपण रोज गाड्यांच्या पाट्यांवर वाचतों. तींच नांवें दोन हजार वर्षांपूर्वींच्या अक्षरांत आहेत, असें सांगितलें म्हणजे लहान मुलांचेही डोळे चमकतात.

नव्वदाव्या लेण्यांत एक गंमत आहे. तेथें पेहलवी लिपींत कांहीं लेख कोरलेले आहेत. ते इसवी सन १००९ आणि १०२१ मधील. पारशी मंडळी लेणीं पाहावयास आली आणि आपलीं नांवें व तारीख कोरून गेली. उपनगरांत प्रेक्षणीय स्थळ पाहण्यासाठीं निघालेल्या मंडळींची इतकी जुनी नोंद दुसरी कोणती असेल? मात्र त्यांनीं नांवें कोरलीं म्हणून आपणही कोरावीं, असें नाहीं. हजार वर्षांपूर्वीं एकानें लिहिलें तर तो इतिहास होतो. आज हजारांनीं लिहिलें तर ती भिंत जाते.

वाटाड्यानें दंतकथाही सांगाव्या, पण त्या दंतकथा म्हणून. पांडवांनीं एका रात्रींत लेणीं कोरलीं, हें महाराष्ट्रांत प्रत्येक लेण्याविषयीं ऐकूं येतें. कान्हेरीच्या एका भुयारांत एक पाद्री सात दिवस चालत राहिला तरी टोंक सांपडलें नाहीं, ही कथा १६०३ च्या सुमारास दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकारानें नोंदविली. ‘लोक सांगतात’ आणि ‘शिलालेख सांगतो’ या दोन वाक्यांतला भेद जो राखतो, तो चांगला वाटाड्या.

आणखी कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. मंडळी पंधराच्या वर नसावी. नाहीं तर शेवटच्याला ऐकूं येत नाहीं. पायांत घट्ट जोडे, जवळ पाण्याची बाटली असावी. पावसाळा संपल्यानंतरचे दिवस उत्तम. भर पावसांत शेवाळावरून पाय घसरतो. कान्हेरीच्या माकडांपुढें खाण्याची पुडी उघडूं नये. प्रत्येक मुलाला शोधावयास एकेक वस्तु द्यावी : एकाला जाळीची खिडकी, एकाला पन्हळ, एकाला शिलालेख. आणि प्रत्येक ठिकाणीं निदान पांच मिनिटें वाटाड्यानें गप्प बसावें.

कोणी विचारील, एवढी यातायात कशासाठीं? जुन्या वास्तूचें रक्षण कायदा करतो, सरकारची निळी पाटी करते, हें खरें. परंतु ज्या जागेला तिचा शेजारी ओळखत नाहीं, ती कोणत्याही पाटीनें फार काळ वांचत नाहीं. गिल्बर्ट हिलभोंवतींचा दगड गेला तेव्हां त्यासाठीं हळहळणारे थोडे होते, कारण तो काय आहे हें जाणणारे थोडे होते. पाहुण्याला दाखविण्यासाठीं आपल्याला आधीं स्वतः पाहावें लागतें, विचारावें लागतें, वाचावें लागतें. पाहुणा चार दिवसांनीं आपल्या गांवीं जातो. जाणते होऊन मागें राहतों ते आपण. येत्या सुटींत पाहुणे येवोत वा न येवोत, एक सकाळ अंधेरीला आणि एक बोरिवलीला द्या, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.