रेवदंड्याचा फ्रेंच अध्याय आणि बोरघाट : एका अभ्यासभेटीची पूर्वपीठिका

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अभ्याससहलींमध्ये रेवदंडा हे नेहमीचे ठिकाण आहे. कर्जत-खालापूर परिसरातून खोपोली, पेण व अलिबागमार्गे एका दिवसात तेथे जाऊन येता येते. पोर्तुगीजांची तटबंदी, सातखणी मनोरा, प्रार्थनामंदिरांचे अवशेष आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडील कोर्लईचा किल्ला पाहून विद्यार्थी परततात. या नगराचा फ्रेंचांशी आलेला संबंध मात्र बहुधा अनुल्लेखित राहतो. त्याचे कारण साधे आहे. फ्रेंचांनी येथे एक चिराही बसविला नाही. १७७७-७८ मध्ये हे बंदर त्यांच्या हाती जाण्याची केवळ शक्यता निर्माण झाली होती. या शक्यतेचे परिणाम समुद्रकाठी शोधून सापडत नाहीत; ते सापडतात खोपोलीत आणि बोरघाटात, म्हणजे याच विद्यार्थ्यांच्या अंगणात. प्रस्तुत लेखात या दोन स्थळांमधील दुवा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बंदराचे स्थान

चौल हे प्राचीन बंदर. जुन्या लेखनात वरचे चौल आणि खालचे चौल असा भेद केलेला आढळतो. त्यांपैकी खालचे चौल म्हणजे रेवदंडा. मार्च १५०८ मध्ये येथील खाडीत झालेल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी किल्ला उभारला आणि १५७०-७१ चा निजामशाही वेढाही त्यांनी परतवून लावला. वसईच्या पाडावानंतर, १७४० च्या तहाने, चौल मराठ्यांकडे आले. हा इतिहास गेर्सन द कुन्हा यांच्या चौल व वसईविषयक ग्रंथात (१८७६) आणि कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये (१८८३) सविस्तर आला असल्याने येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. एकच बाब ध्यानात ठेवावी : रेवदंड्यापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. अनुकूल वाऱ्यात शिडाच्या जहाजाला हे अंतर फार नव्हे. अन्य युरोपीय सत्तेचे आरमार या खाडीत असणे मुंबईकर इंग्रजांना कदापि परवडणारे नव्हते.

फरासिसांचा वकील

पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंचांचे एकच ठाणे टिकून राहिले, ते मलबारातील माहे. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांच्याकडे आलेले हे छोटे नगर १९५४ पर्यंत त्यांच्या ताब्यात होते. माहेच्या उत्तरेस, मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर, त्यांना एक बंदर हवे होते. त्यासाठीचा प्रयत्न १७७७ मध्ये शेव्हालिए द सेंट ल्यूबिन या गृहस्थाने केला.

लुई सोळाव्याचा वकील म्हणून तो त्या वर्षी चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून पुण्यास गेला. पेशवे दरबाराने त्याचे सन्मानाने स्वागत केले. मराठी पत्रव्यवहारात फ्रेंचांसाठी ‘फरासीस’ हा शब्द येतो. पोर्तुगीजांना लावला जाणारा ‘फिरंगी’ त्याहून निराळा. मराठी दप्तर या परकीयांची परस्परांशी गल्लत करीत नव्हते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. ल्यूबिनचा प्रस्ताव कोणता होता, याचे वर्णन इंग्रजी साधनांत मिळते : अडीच हजार युरोपीय सैनिक, दहा हजार शिपायांना कवायती शिक्षण, मुबलक युद्धसाहित्य, आणि मोबदल्यात चौल बंदर. मात्र ही माहिती पुण्यातील इंग्रज वकील मोस्टिन याच्यासारख्या विरोधी पक्षाच्या माणसांकडून मुंबईस पोहोचत होती, हे विसरता कामा नये.

ल्यूबिनला अधिकार किती होता, हाही प्रश्नच आहे. ग्रँट डफपासून अनेकांनी त्याला बढाईखोर साहसी पुरुष ठरविले आहे. परंतु नाना फडणीसांच्या दृष्टीने ही बाब गौण असावी. पुरंदरचा तह (मार्च १७७६) होऊनही मुंबईकर इंग्रज रघुनाथरावाला आश्रय देत होते. त्यांच्या मनात धाक उत्पन्न करण्यास फ्रेंच वकिलाचे पुण्यातील वास्तव्यच पुरेसे होते. नानांनी बंदर दिले नाही. देण्याची शक्यता तेवढी जिवंत ठेवली. इंग्रजांचा आग्रह वाढल्यावर १७७८ मध्ये ल्यूबिनला निरोप देण्यात आला. मात्र हा डाव दुधारी होता. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकन वसाहतींशी करार केला, इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटले आणि पुण्यातील ‘फरासीस’ हा इंग्रजांच्या दृष्टीने केवळ धाक न राहता युद्धाचे निमित्त बनला.

घाटाच्या पायथ्याशी

मोहिमेचे मूळ कारण रघुनाथरावाचा दावा हेच होते. तथापि मुंबईकरांच्या या उद्योगास कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने पाठबळ दिले, त्यामागे फ्रेंचांचे भय होते. नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३,९०० सैनिकांची फौज कर्नल एगर्टनच्या नेतृत्वाखाली मुंबईहून निघाली. पनवेलहून ती खालापूरच्या मुलखातून बोरघाटाकडे सरकली. ओझ्याचे बैल, तोफा व दारूगोळा घाटावर चढविण्यात दिवसामागून दिवस गेले. घाट चढू दिला, पण वर आल्यावर रसद तोडली, असे मराठ्यांचे धोरण दिसते. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूच्या शौर्याचे कौतुक करून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. तळेगावहून माघार घेणाऱ्या फौजेला जानेवारीच्या मध्यास वडगाव येथे अपमानास्पद करार मान्य करावा लागला.

वडगावची कथा पाठ्यपुस्तकांत आहे. १७८१ ची खोपोलीची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतल्यानंतर जनरल गॉडर्डने फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाट काबीज केला आणि पायथ्याशी, खोपोलीत, मुख्य तळ ठोकला. इंग्रजी कागदांत हे गाव ‘कँपोली’ म्हणून येते. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी पनवेलशी असलेला त्याचा दळणवळणाचा मार्ग सतत कापला. एप्रिलमध्ये गॉडर्डला पनवेलकडे माघार घ्यावी लागली, आणि त्या वाटेत त्याचे चारशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. आज ज्या रस्त्याने विद्यार्थी एस.टी.ने महाविद्यालयात येतात, त्याच परिसरात हे घडले.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने चौलचा प्रश्नही मिटला. पोर्तुगीजांचा अपवाद वगळता अन्य युरोपीयांना पेशव्यांनी आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नयेत, असे त्यात ठरले.

अभ्यासभेटीची आखणी

उपरोक्त विवेचन लक्षात घेता, भेटीचा आरंभ रेवदंड्यात न करता खोपोलीत करणे अधिक सयुक्तिक ठरेल. नाना फडणीसांनी बांधविलेले महादेव मंदिर व तलाव तेथे आहेत, आणि तलावाच्या काठावरून घाटाची चढण समजावून सांगता येते. ज्या मुत्सद्द्याने चौलचे आमिष दाखविले, त्याचीच वास्तू त्या युद्धाच्या तळाजवळ असावी, हा योग शिक्षकाने दवडू नये. वेळ असल्यास कर्जतच्या कोंडिवडे गावाकडून, कोंढाणे लेण्यांवरून, राजमाचीची चढाई स्वतंत्र दिवशी करावी. बोरघाटावर नजर ठेवणाऱ्या या गडावरून घाटाच्या वाटेचे महत्त्व नकाशापेक्षा लवकर कळते.

रेवदंड्यात तटातून जाणारा रस्ता, आतली नारळी-पोफळीची वाडी आणि समुद्राकडील बुरूज पाहताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा : हे बंदर मिळाले असते तर फ्रेंचांनी मुंबईला कोणत्या दिशेने शह दिला असता? उत्तर नकाशावर काढून घ्यावे. भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी कोर्लई हे स्वतंत्र प्रकरण आहे; तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेली बोली आजही बोलली जाते. तिची ‘गंमत’ म्हणून ध्वनिमुद्रणे करीत हिंडण्याचा मोह मात्र आवरावा. आधी ग्रामस्थांची अनुमती घ्यावी.

पावसाळ्यात तटावरील दगड शेवाळतात व झाडी माजते. त्यामुळे डिसेंबरचा काळ योग्य. एगर्टनच्या तोफाही याच महिन्यात घाट चढत होत्या.