मधपेटीवर मधकोठी केव्हा चढवावी?

मधमाशापालन हा थोड्या भांडवलात सुरू होणारा जोडधंदा आहे. त्याला स्वतःची शेतजमीन लागत नाही. दुसऱ्याच्या बांधावरही पेटी ठेवता येते आणि माशा परागीभवन करीत असल्याने शेतमालकाचाही त्यात फायदाच असतो. आपल्या समाजातील भूमिहीन कुटुंबांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आपल्या सातारा जिल्ह्यातच, महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. हे पाहून आपले तरुणही पेट्या आणतात. परंतु पुष्कळांची पेटी पहिल्याच वर्षी रिकामी होते. याचे एक मोठे कारण म्हणजे माशांना जागा वेळेवर न देणे, किंवा वेळेआधीच देणे. म्हणून या विषयाचा येथे थोडा खुलासा करीत आहोत.

पेटीला दोन कोठ्या असतात. खालच्या कोठीत राणी अंडी घालते व पिलावा वाढतो. वरची ती मधकोठी. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांच्या १८५१ सालच्या निरीक्षणावर ही रचना आधारलेली आहे. माशांना जाण्या-येण्यापुरती ठरावीक फट ठेवली, तर त्या ती मेणाने बुजवीत नाहीत, आणि मग चौकटी सुट्या उचलता येतात. पूर्वी पोळे जाळून, पिळून मध काढीत. त्यात पिलेही मरत. आता खालची कोठी माशांची आणि वरची आपली, अशी वाटणी करता येते.

आता जागेचा प्रश्न. मोहोर जोरात असताना खालची कोठी मध, पराग व पिलाव्याने भरून गेली, तर राणीला अंडी घालायला घरे उरत नाहीत. अशा वेळी माशा नवी राणी वाढवतात आणि जुनी राणी जवळजवळ निम्म्या माशा घेऊन बाहेर पडते. यालाच वसाहत फुटणे म्हणतात. ऐन हंगामात निम्मे कामकरी गेल्यावर मध कोठून मिळणार?

उलट, घाई केली तरी नुकसान होते. पिलाव्याला सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सियस उष्णता लागते आणि ती माशाच राखतात. थोड्या माशांवर मोठे घर लादले, तर त्यांची शक्ती ऊब राखण्यातच खर्च होते. ज्या पोळ्यावर माशा बसत नाहीत तेथे मेणकिडा शिरतो. आपली सातेरी माशी याला फार कंटाळते आणि सगळी वसाहतच घर सोडून जाते. आम्ही पहिल्या वर्षी हीच चूक केली. चारच चौकटींवर माशा असताना अधिक मधाच्या आशेने मधकोठी चढवली. महिन्याभरात वरच्या पोळ्यांत किड्याची जाळी झाली आणि एके दिवशी पेटी रिकामी दिसली. दोष माशांचा नव्हता. आमच्या घाईचा होता.

मग योग्य वेळ कशी ओळखावी? आठ चौकटींच्या सातेरी पेटीत पुढील खुणा पाहाव्यात. सात-आठही चौकटी दोन्ही बाजूंनी माशांनी झाकलेल्या असाव्यात. मधल्या पोळ्यांत भरपूर बंद पिलावा असावा. कडेच्या पोळ्यांत मध साठलेला असावा. पोळ्यांच्या वरच्या कडेला ताजे पांढरे मेण दिसू लागावे. आणि मुख्य म्हणजे, बाहेर मोहोर सुरू झालेला असावा. या सर्व खुणा एकत्र दिसल्या की मधकोठी चढवावी. चारपाच चौकटींवरच माशा असतील, तर खालच्या कोठीत एकेक चौकट, तीही पिलाव्याच्या कडेला वाढवावी. मध्ये घालून पिलावा तोडू नये.

केवळ कॅलेंडर पाहून हे ठरत नाही. महाबळेश्वर-जावळीकडे जांभूळ व हिरडा उन्हाळ्यात फुलतात, तर कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच. सांगलीच्या पूर्व भागात सूर्यफूल, करडई, डाळिंब यांवर हंगाम अवलंबून असतो आणि तो पेरणी व पाण्याप्रमाणे पुढे-मागे होतो. नुसता ऊस असलेल्या शिवारात तर माशांना फारसे काही मिळतच नाही. तेव्हा आधी शिवार पाहावे, मग पेटी उघडावी.

मधकोठीत शक्य तर एक-दोन तयार पोळी द्यावीत, म्हणजे माशा लवकर वर चढतात. हंगामात दर सात-आठ दिवसांनी, स्वच्छ उन्हात पेटी तपासावी. राणीचे घर अंडे घातल्यापासून सुमारे आठ दिवसांत बंद होते, म्हणून हे अंतर. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरे बंद झालेली दिसली, तर नुसती मधकोठी देऊन वसाहत फुटायची थांबत नाही. त्या वेळी जाणकाराच्या मदतीने वसाहतीची विभागणी करावी. पहिली मधकोठी पाऊण भरली आणि मोहोर टिकून असला, तरच दुसरी द्यावी. पोळ्याचा निदान पाऊण भाग मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा. कच्चा मध आंबतो. हंगाम सरला की मधकोठी उतरवावी आणि खालच्या कोठीतला मध मात्र माशांसाठी राहू द्यावा. पावसाळ्यात त्यांचे पोट त्यावरच चालते.

धम्मपदाच्या पुप्फवग्गात, भिक्खूने गावात कसे वावरावे हे सांगताना भगवान बुद्धांनी मधमाशीचा दाखला दिला आहे. ती फुलाला न दुखावता आपल्यापुरता रस घेते. मध घेताना आपणही माशीशी तसेच वागावे. पेटीजवळ बसून दहा मिनिटे तिची ये-जा पाहावी, चौकट उचलून नीट बघावी आणि तिने मागितली तेवढीच जागा तिला द्यावी.